परदेशात जाण्याआधी फंड आणि फ्लॅट विकायचे का, आणि निघायचं कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही आयटीत, दुबई, अमेरिका, जर्मनी, कॅनडा असे चार पर्याय समोर, त्यातले दोन जवळजवळ पक्के. भारतात 2010 साली घेतलेला राहता फ्लॅट, बऱ्याच वर्षांच्या एसआयपीचे इक्विटी फंड, थोडे शेअर आणि पीपीएफ. कुठे टॅक्स कमी लागेल, आणि हे सगळं जाण्याआधी विकून मोकळं व्हायचं का तिथे सेटल झाल्यावर निवांत विकायचं? मी सीए आहे आणि माझ्याकडे जाणारे-येणारे क्लायंटच जास्त, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

आधी एक सांगतो, लोक देशांचे टॅक्स रेट शेजारी शेजारी मांडून एक्सेल करतात, ते चूक नाही पण त्यात खरे पैसे हलत नाहीत. पैसे हलतात ते तुम्ही भारतातून कुठल्या तारखेला निघता आणि कुठली गोष्ट त्या तारखेच्या अलीकडे विकता की पलीकडे, यावर. रेट तुमच्या हातात नाही, तारीख बऱ्यापैकी असते.

भारताचा नियम बघा. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात असला तर रेसिडेंट, कमी असला तर एनआरआय. 1 एप्रिलपासून मोजत गेलात तर 28 सप्टेंबरला 181 दिवस भरतात आणि 29 ला 182. निघायचा दिवसही भारतातच धरला जातो हे गृहीत धरूनच चला, म्हणजे 28 सप्टेंबरपर्यंत विमानात बसलात तर ते अख्खं वर्ष एनआरआय, 29 ला बसलात तर अख्खं वर्ष रेसिडेंट. अर्धं असं अर्धं तसं आपल्याकडे नाहीये, बाकी काही देशांत वर्षाचे दोन तुकडे करता येतात, आपल्या कायद्यात नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत पण हा हिशोब तोच आहे, म्हणून मी कलमं न लिहिता नुसतं काय होतं ते लिहितोय.

आता याचा अर्थ दुबईच्या बाबतीत काय होतो ते बघा कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. "दुबईत टॅक्स नाही" हे खरंय, पगारावर काहीच नाही. पण समजा तुम्ही डिसेंबरात निघालात. ते वर्ष तुम्ही भारतात रेसिडेंट, रेसिडेंट म्हणजे जगभरचं उत्पन्न भारतात करपात्र, मग डिसेंबर ते मार्च दुबईत मिळालेला पगारही त्यात आला. समजा महिना 8 लाख रुपये, साडेतीन महिन्यांचे 28 लाख, भारतातला आधीचा पगार धरून तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहातच, सेस धरून 31.2 टक्के म्हणजे साधारण पावणेनऊ लाख टॅक्स, सरचार्ज (मोठ्या उत्पन्नावरचा जादा टॅक्स) लागला तर वेगळा. आणि तिथे काही भरलेलंच नसल्यामुळे क्रेडिट, म्हणजे बाहेर भरलेल्या टॅक्सची इथे वजावट, कशाचं घेणार? दोन देशांतल्या टॅक्स करारातून सुटू म्हणाल तर भारत-युएई करारात तिथला रहिवासी ठरायला कॅलेंडर वर्षात 183 दिवस तिथे असावं लागतं, डिसेंबरात गेलेल्याला त्या कॅलेंडर वर्षात ते कुठून जमणार. तेच सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात निघालात तर हा प्रश्नच येत नाही. कंपनी जॉइनिंग दोन-अडीच महिने अलीकडे घ्यायला तयार असेल तर साइनिंग बोनसपेक्षा ते जास्त किमतीचं आहे.

पण थांबा, लगेच सप्टेंबरचं तिकीट काढू नका, कारण फ्लॅट.

23 जुलै 2024 पासून घर-जमिनीच्या लाँग टर्म कॅपिटल गेनवरचा (बऱ्याच काळानं विकून झालेल्या नफ्यावरचा) टॅक्स 12.5 टक्के झाला आणि इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) गेलं, हे सगळ्यांना माहितीये. त्यावर आरडाओरड झाल्यावर सरकारनं त्या तारखेआधी घेतलेल्या घर-जमिनीला जुना पर्याय परत दिला, 20 टक्के इंडेक्सेशनसकट, जे कमी पडेल ते भरा. पण हा पर्याय फक्त रेसिडेंट व्यक्ती आणि एचयूएफला (हिंदू अविभक्त कुटुंबाला) आहे, एनआरआयला नाही. ही एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तुमच्यासारखं उदाहरण घेऊ, 2010-11 मध्ये 60 लाखांना घेतलेला फ्लॅट 2025-26 मध्ये दीड कोटीला विकला. 2010-11 चा महागाईचा इंडेक्स 167, 2025-26 चा 376, म्हणजे 60 लाखांचे झाले 135.09 लाख, नफा उरला 14.91 लाख, त्याचे 20 टक्के म्हणजे 2.98 लाख. एनआरआय म्हणून विकलात तर नफा सरळ 90 लाख आणि टॅक्स 11.25 लाख. सेस-सरचार्ज बाजूला ठेवला तरी सव्वाआठ लाखांचा फरक, तोच फ्लॅट तोच भाव.

आणि एवढ्यावर भागत नाही, टीडीएसचं प्रकरण आहे. रेसिडेंटकडून 50 लाख किंवा त्यावरचं घर घेणारा एक टक्का कापतो आणि विषय संपतो. एनआरआयकडून घेताना त्याला कॅपिटल गेनच्या रेटनं कापायचं असतं, आणि नफा नक्की किती हे त्याला ठरवता येत नाही म्हणून त्याचा सीए सांगतो की पूर्ण रकमेवर काप. दीड कोटीवर 12.5 टक्के, वर 15 टक्के सरचार्ज, वर 4 टक्के सेस, एकूण 14.95 टक्के, म्हणजे साधारण 22.4 लाख रुपये तुमच्या हातात न येता सरकारकडे जाऊन बसतात आणि रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत वाट बघा. यावर उपाय आहे, आधी अर्ज करून कमी टीडीएसचं सर्टिफिकेट घ्यायचं, पण त्याला एखाद-दोन महिने हाताशी ठेवावे लागतात आणि इतकं थांबणारा खरेदीदार मिळावा लागतो.

म्हणजे एकच तारीख दोन्हीकडून ओढतेय. दुबईच्या पगारासाठी 28 सप्टेंबरच्या आत निघा, फ्लॅटसाठी त्या वर्षी रेसिडेंट रहा. फ्लॅट विकायचा पक्का असेल आणि गिऱ्हाईक तयार असेल तर आधीच्या आर्थिक वर्षात, म्हणजे 31 मार्चच्या आत विकून पुढच्या आर्थिक वर्षात 28 सप्टेंबरपर्यंत निघणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. तसं जमत नसेल तर दोन्ही बाजूंचे आकडे काढा आणि जे मोठं असेल ते वाचवा. फ्लॅट विकायचाच नाहीये, भाड्यानं द्यायचाय, तर हे सगळं सोडून द्या आणि लवकर निघा. फक्त भाडेकरूला सांगून ठेवा की मालक एनआरआय झाल्यावर भाड्यावर 30 टक्के टीडीएस कापायची जबाबदारी त्याची आहे, ते ऐकून बरेच भाडेकरू पळतात हेही खरं.

आता फंड. समजा एकूण गुंतवणूक 18 लाख, आजची किंमत 42 लाख, नफा 24 लाख, सगळी युनिटं वर्षापेक्षा जुनी. रेसिडेंट म्हणून विकलेत तर पहिले सव्वा लाख माफ, उरलेल्या 22.75 लाखांवर 12.5 टक्के आणि सेस मिळून 2,95,750 रुपये, एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत आहे असं धरून. अर्धे मार्चमध्ये अर्धे एप्रिलमध्ये विकलेत तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते, 16,250 वाचतात, फार नाही पण फुकटचे आहेत. एनआरआय झाल्यावरही सव्वा लाखाची सूट आणि 12.5 टक्के तेच राहतात, फरक इतकाच की फंड हाऊस रिडीम करतानाच टीडीएस कापतं, आणि दुसरं उत्पन्न काहीच नसलं तरी बेसिक एक्झम्प्शनची (टॅक्स न लागणाऱ्या उत्पन्नाची) उरलेली मर्यादा या नफ्यासमोर वापरता येत नाही, ती सवलत रेसिडेंटची. म्हणजे भारताच्या बाजूनं बघाल तर फंड विकायची घाई काहीच नाही. घाई करायची की नाही हे पूर्णपणे तुम्ही कुठे चाललात त्यावर आहे.

अमेरिका असेल तर विका. यात मी सहसा चर्चाही करत नाही. भारतीय म्युच्युअल फंड तिथे पीएफआयसी नावाच्या खात्यात बसतात, म्हणजे परदेशी पॅसिव्ह कंपनी, आणि त्याचा टॅक्स मुद्दाम शिक्षा असल्यासारखा लिहिलाय: विकल्यावर नफा धारण केलेल्या सगळ्या वर्षांवर पसरायचा, अमेरिकेतल्या आधीच्या वर्षांच्या हिश्श्याला त्या त्या वर्षीचा सर्वोच्च रेट लावायचा, सध्या तो 37 टक्के आहे, आणि वर व्याज. प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म 8621. सहा एसआयपी असतील तर सहा फॉर्म आणि तिथला सीपीए, म्हणजे तिथला सीए, प्रत्येक फॉर्मचे वेगळे पैसे लावतो. सगळ्या पीएफआयसीची मिळून किंमत 25,000 डॉलरच्या आत असेल, जॉइंट रिटर्नला 50,000, तर फॉर्ममधून बहुतेक वेळा सूट मिळते, पण 42 लाख एकट्याच्या मर्यादेत बसत नाहीत, जॉइंटच्या अगदी काठावर येतात. थेट शेअरना हा त्रास नाही, ते ठेवले तरी चालतात, पण अमेरिका तुमची खरेदी किंमत मूळचीच धरते, तुम्ही तिथे पोचलात त्या दिवशीची नाही. म्हणून जुन्या नफ्यातले शेअर निघण्याआधी विकून परत घ्यायचे, भारतात 12.5 टक्के भरायचे, तिथे नवीन किंमत लागू. तसंही बऱ्यापैकी पगारावर तिथे 15 टक्के फेडरल, उत्पन्न जास्त असेल तर आणखी 3.8 टक्के, आणि राज्याचा वेगळा. कॅलिफोर्नियात तर कॅपिटल गेनला सवलतीचा रेटच नाही, साध्या उत्पन्नासारखा टॅक्स, टेक्सास किंवा फ्लोरिडात राज्याचा शून्य. ऑफर दोन शहरांतल्या असतील तर हा फरक पगाराच्या आकड्याइतकाच बघा.

अमेरिकेबाबत एक बारीक खिडकी आहे. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) वर नवीन जाणारे साधारण 1 ऑक्टोबरला जॉइन होतात. त्या कॅलेंडर वर्षात त्यांचे तिथले 92-100 दिवस होतात, आधी फार फेऱ्या झालेल्या नसतील तर 183 दिवसांची रहिवासी ठरायची टेस्ट पूर्ण होत नाही, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत अमेरिकेच्या लेखी नॉन-रेसिडेंट. त्या तीन महिन्यांत भारतातले फंड विकलेत तर अमेरिकेला त्यातलं काही द्यायचं नाही. बाकीची आवराआवर राहून गेलेल्यांना हे फार उपयोगी पडतं. पण पहिल्या वर्षी वजावट जास्त मिळते म्हणून कुणीतरी तुम्हाला सांगेल की वर्षभर रेसिडेंट धरण्याची निवड करून दोघांचा जॉइंट रिटर्न भरा, आणि ती निवड केली की ही खिडकी बंद, जगभरचं सगळं वर्ष त्यात आलं. फंड विकले असतील तर दोन्ही पद्धतीनं हिशोब करून बघितल्याशिवाय ते करू नका. शिवाय ऑक्टोबरच्या व्हिसावर दहा दिवस आधी प्रवेश मिळतो, म्हणजे 28 सप्टेंबरला निघणं शक्य आहे, तर एनआरआय व्हायचं की रेसिडेंट रहायचं ही निवड या लोकांना अक्षरशः एका तिकिटावर मिळते.

फ्लॅटचं अमेरिकेच्या बाजूनं फार टेन्शन घेऊ नका. मागच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं मालकीच्या घरात राहिला असाल तर अडीच लाख डॉलरपर्यंत, नवरा-बायको जॉइंट असतील तर पाच लाखांपर्यंतचा नफा माफ आहे आणि घर भारतात असलं तरी चालतं, म्हणजे गेल्यावर साधारण तीन वर्षं हाताशी असतात. शिवाय हिशोब डॉलरमध्ये होतो, 2010 ला डॉलर 45 च्या आसपास होता, त्यामुळे रुपयात 90 लाख दिसणारा नफा डॉलरमध्ये चाळीस हजारांच्या आतच येतो. उलट एक सापळा आहे, भारतात दुसरं घर घेऊन किंवा बाँडमध्ये टाकून टॅक्स वाचवलात तर ती सूट अमेरिका मानत नाही. भारतात शून्य भरला म्हणून क्रेडिटही शून्य. भाड्यानं दिलेल्या दुसऱ्या फ्लॅटवर हे झालेलं मी बघितलंय, माणूस इथे टॅक्स वाचवल्याच्या आनंदात होता.

कॅनडा याच्या अगदी उलट. तुम्ही तिथले रहिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारभावानं तुम्ही तुमची सगळी मालमत्ता नव्यानं विकत घेतली असं धरतात. म्हणजे भारतात असताना झालेला 24 लाखांचा नफा कॅनडाच्या हिशोबात नाहीच, म्हणून निव्वळ तिथल्या टॅक्ससाठी आधी विकायची गरज नाही. फक्त त्या दिवशीचं एनएव्ही (फंडाच्या युनिटचा भाव), शेअरचे भाव, फ्लॅटचं व्हॅल्युएशन असे कागद काढून ठेवा, सात वर्षांनी ते शोधत बसणं कठीण असतं. परदेशातल्या गुंतवणुकीची खरेदी किंमत (तीही त्या दिवशीचीच धरलेली) एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर दुसऱ्या वर्षापासून टी-1135 फॉर्म भरायचा. आणि कॅनडा सोडताना सगळं विकलं असं धरून टॅक्स लावतात, पण दहा वर्षांत साठ महिने किंवा कमी राहिला असाल तर येण्याआधी तुमच्याकडे असलेल्या गोष्टींना तो लागत नाही. ऑस्ट्रेलियाचा विचार कुणी करत असेल तर तिथेही प्रवेशाच्या दिवसाचीच किंमत धरतात.

जर्मनीला अशी नवीन किंमत सहसा मिळत नाही, मूळ खरेदीपासूनचा नफा धरून 26.375 टक्के, चर्च टॅक्स असेल तर थोडा जास्त, दरवर्षी माणशी एक हजार युरो माफ. फंड न विकताही दरवर्षी एक ठोकळ नफा धरून त्यावर टॅक्स लावायची पद्धत आहे, जर्मन बँक तो आपोआप कापते, भारतातल्या फंडांचा हिशोब तुम्हालाच करून द्यायचा. मी जर्मनीला जाणाऱ्यांना विकून जायलाच सांगतो, फारच जीव असेल तर थेट शेअर विकून परत घ्या. पगाराच्या बाजूनं तिथे एक गोष्ट कुणी सांगत नाही, ज्या कॅलेंडर वर्षात जाल त्या वर्षी भारतात कमावलेला पगार जर्मनी करपात्र धरत नाही पण रेट ठरवताना मोजतो, म्हणजे जुलैत गेलात तर अर्ध्या वर्षाच्या पगारावर अर्ध्या वर्षाचा हलका रेट लागेल ही आशा सोडा. आणि टॅक्सच्या बरोबरीनं पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स वगैरे कपात जाते ती धरूनच हातात किती येणार ते बघा. भारत-जर्मनी सोशल सिक्युरिटी करार आहे ही त्यातली जमेची बाजू, अमेरिकेशी असा करार नाही, तिथे पेन्शनचा हक्क मिळायला 40 तिमाह्या म्हणजे दहा वर्षं भरावी लागतात, आधी परत आलात तर पगारातून कापलेले 6.2 टक्के सोडूनच द्या.

दुबईला जाणार असाल तर फंडांचं वेगळंच आहे, ते न विकता ठेवूनच जा असं मी म्हणेन. भारत-युएई करारात शेअरवरचा नफा भारतात करपात्र आहे पण म्युच्युअल फंड ट्रस्ट असतो, कंपनी नाही, त्याचं युनिट म्हणजे शेअर नाही, म्हणून तो उरलेल्या मालमत्तेच्या कलमात जातो आणि तिथे हक्क फक्त रहिवासाच्या देशाचा. दुबईत कॅपिटल गेन टॅक्स नाही. म्हणजे दोन्हीकडे शून्य. सिंगापूरचंही तसंच, मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणानं 2025 मध्ये सिंगापूरच्या रहिवाशाच्या बाजूनं असाच निकाल दिलाय. वर काढलेले 2,95,750 इथे वाचतात. पण तिथलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आणि त्यासोबतचा फॉर्म (जुन्या कायद्यातला 10-एफ) हवेतच, आणि सगळं एका वर्षात विकू नका, कारण भारतातलं उत्पन्न 15 लाखांच्या वर गेलं आणि दुसऱ्या कुठल्या देशात तुम्ही करपात्र नसाल तर भारत तुम्हाला त्या वर्षी मानीव रेसिडेंट, म्हणजे इथे राहत नसलात तरी रेसिडेंट, ठरवतो. त्यानं दुबईचा पगार करपात्र होत नाही, घाबरू नका, पण करारावर वाद घालायला डिपार्टमेंटला जागा मिळते. दोन-तीन वर्षांत पसरवा.

उरलेलं पटकन. पीपीएफ चालू ठेवता येतं, मुदतीपर्यंत भरता येतं, नवीन उघडता येत नाही, आणि भारतात व्याज करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते दरवर्षीचं उत्पन्न धरतात. एनआरई खात्याचं (एनआरआयनं बाहेरची कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याजही तसंच, भारतात माफ, अमेरिका-कॅनडा-जर्मनीत करपात्र, लोकं ते रिटर्नमध्ये दाखवत नाहीत आणि मग नोटीस आल्यावर फोन करतात. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर अमेरिकेत एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा, त्यात टॅक्स काही नाही पण दंड जबर आहे. सेव्हिंग खातं निघाल्यावर एनआरओ (एनआरआयच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं) करून घ्या, डीमॅट आणि फंडांचं केवायसी बदला, अमेरिका-कॅनडात रहाणाऱ्यांची नवीन एसआयपी बरीच फंड हाऊस घेत नाहीत. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, तेव्हा पैसे अडकतील या भीतीनं फ्लॅट विकत असाल तर ते कारण बाद.

कंपनीचे आरएसयू (नोकरीत काही वर्षांनी हातात येणारे कंपनीचे शेअर) असतील, इथे मिळालेले आणि तिथे व्हेस्ट होणारे, म्हणजे तिथे हातात येणारे, तर भारतात काम केलेल्या दिवसांच्या प्रमाणात भारतही हिस्सा मागतो, त्यामुळे ग्रँट लेटर आणि पासपोर्टचे शिक्के जपून ठेवा. आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला एवढं विचारा की पहिल्या दोन वर्षांचं दोन्ही देशांतलं टॅक्स फायलिंग कंपनी करून देणार का. मोठ्या कंपन्या बरेचदा देतात, फक्त न विचारता देत नाहीत.